बोटभर शिलाई

ता. ९ जानेवारी

चि. खटपट्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. ठीक काही नाही. फोन करणार होते, पण तुझ्या दुकानात दुरुस्तीचे चार-चार रेडिओ एकदम बोलत असतात, त्यात माझं कोण ऐकणार? शिवाय आज मला जे म्हणायचंय ते कुणी मध्येच तोडायला नको आहे.

रविवारी तळ्यावर होडी मंडळाचा बक्षीस समारंभ होता. झटका आल्यापासून हे तळ्यावर गेलेच नव्हते, म्हणून मी चाकाची खुर्ची ढकलत नेलं. ह्यांची रिमोटवर चालणारी निळी होडी तुला आठवत असेलच. वजनकाट्यांचं दुकान बंद करून आले की दिवाणखान्यात लाकडाचा भुगा करत बसायचे आणि मी केरसुणी घेऊन मागे. हे हॉस्पिटलात होते तेव्हा धाकट्या भावजींनी ती होडी नेली, दादा बरा होईपर्यंत सांभाळतो म्हणून. तेव्हा मला मेलीला बरंच वाटलं. परवा बघते तर होडी लालभडक. रंगाचं दुकान आहे ना, डबा घरचाच! वार्षिक कप त्यांनाच मिळाला, आणि कप घेताना माइकवर म्हणाले की ही होडी मी घडवली, दादा मदतीला असायचा, घासकाम करून द्यायचा.

घासकाम! आणि हे पहिल्या रांगेत बसलेले. ह्यांनी तोंड उघडलं, पण शब्द कुठून येणार? उजवा हात गेला, वाचा गेली. डाव्या हाताने खुर्चीवर एक ठोका म्हणजे हो, दोन म्हणजे नाही, एवढीच भाषा उरली आहे. ह्यांनी दोन ठोके दिले. पुन्हा दोन दिले. टाळ्यांच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेले नाहीत, मला गेले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, ती अजून उतरलेली नाही.

तेव्हा मी होडी बांधणार आहे. ह्यांना समोर बसवून, ह्यांना विचारून विचारून, आणि ती त्याच तळ्यात सोडून त्या लाल होडीची जिरवणार आहे. या घरात होडी कोण बांधत होतं ते हे जिवंत असताना लोकांना कळलं पाहिजे. मागाहून कळून काय चाटायचंय? मला विजारी शिवता येतात, लाकडातलं ओ की ठो कळत नाही. तू नकाशा, रिमोट आणि अक्कल पाठव. ह्यांची सगळी कागदपत्रं आणि हत्यारंसुद्धा भावजींनी "सांभाळायला" नेली आहेत.

घरच्यांना आशीर्वाद. तुझा लोभ असू दे, आणि तो पार्सलने लवकर येऊ दे.

तुझी ताई

---

ता. १९ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र वाचताना कागद गरम लागत होता. भाओजींना माझा नमस्कार सांग. तुझ्या दिराने असं बोलावं हे वाचून मलाही चीड आली, पण ताई, चिडून होडी होत नाही. नवशिकी माणसं आधी ओंडक्यातून वीतभर होडी कोरतात, ती बुडवतात, मग दुसरी करतात. तू एकदम कमरेइतक्या शिडाची बांधायला निघालीस. लहानपणी पोहायला शिकायच्या आधी मला विहिरीत ढकलणारी तूच.

असो. मला कोण विचारतो? माझ्या एका गिऱ्हाइकाला या होड्यांचा नाद आहे, त्याच्याकडून पूर्ण मापाचा नकाशा आणला. नीट वाच. मधला लांब तुकडा म्हणजे कणा. त्याच्यावर आडव्या बसतात त्या बरगड्या, प्रत्येकीचा आकार वेगळा. बरगड्यांवरून पातळ पट्ट्या चिकटवत गेलं की होडीचं अंग तयार होतं. खाली पात, तिच्या टोकाला शिसं, म्हणजे वाऱ्याने होडी आडवी पडत नाही. वरची फळी मी झाकणासकट इथेच कापून घेतोय, ती मागून येईल. रिमोटचं एक बटण सुकाणू फिरवतं, दुसरं शिडाची दोरी सोडतं-ओढतं. तुमच्या मंडळाचे नियमही बघितले. होडीची लांबी आणि शिडाचं माप ठरलेलं आहे, बाकी मोकळीक.

हत्यारं नाहीत तर भाड्याने घे. आणि एक विचारू? तुझ्या दिराला घरी बोलावून सरळ सुनावलं तर नाही का चालणार?

तुझा ओरडा खाण्याइतका लोभ माझ्यावर राहू दे.

तुझा खटपट्या

---

ता. ४ मार्च

चि. खटपट्यास आशीर्वाद.

नाही चालणार. घरात सुनावलेलं घरात मुरतं. भावजींनी माइकवरून सांगितलंय.

आता कामाचं. कणा लांब, माझ्या करवतीला झेपेना, म्हणून वखारवाल्याने मशीनवर रेघेबरहुकूम कापून दिला. बरगड्या मात्र माझ्या हातच्या. तुझे कागद प्लायवर ठेवले, खडूने आखले आणि कापल्या. पहिली बरगडी मोडक्या खाटेसारखी वाकडी झाली, हे दोन ठोके द्यायच्या आतच मी ती चुलीत घातली. दुसऱ्यांदा बऱ्या झाल्या. पट्ट्या काही केल्या वळेनात, कडाकडा मोडायच्या. वखारवाला म्हणाला उकळत्या पाण्यात ठेवा. एवढं मोठं भांडं कुठून आणू? मग सुचलं. ओलं फडकं टाकून कोटाच्या कॉलरला इस्त्री देतो तशी पट्टीला दिली. वाफ निघाली आणि पट्टी लोण्यासारखी वळली. हे बघतच राहिले. मग एकच ठोका दिला, पण असा दिला की खुर्चीवरचा चहा सांडला. चिकटवून कपड्यांचे चिमटे लावते, सुकेपर्यंत होडी दोरीवरच्या वाळवणासारखी दिसते.

पॉलिशपेपरने घासायला मात्र ह्यांनाच दिलं. होडी मांडीवर, डावा हात वर. घासून झालं की अंगठा फिरवतात आणि ठोक्यांनी सांगतात, पुरे की अजून. बहुतेक वेळा अजून. भावजींचं ते घासकाम रोज आठवतं आणि माझ्या हाताला जोर येतो.

पण तुझा आता मला राग आला आहे. ती वरची फळी काल आली. लांबीला बरोब्बर, आणि रुंदीला दोन्ही बाजूंनी बोटभर कमी! इतक्या लांबून पाठवायची ती निदान मोजून तरी पाठवावी. लहानपणापासून तुझी कामं अशीच, एक पाय आखूड. दुसरी फळी ताबडतोब पाठव.

रागाच्या आत लोभ आहे, तो तू ओळखशीलच.

तुझी ताई

---

ता. १२ मार्च

ती. ताईस सा. न.

फळी पुन्हा मोजली. म्हणजे तिचा कागद मोजला. तो बरोबर आहे. मग मी दुकानाचं शटर अर्धं ओढून विचार करत बसलो, आणि एकदम माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ताई, खरं सांग. बरगड्या कापताना कात्री, म्हणजे करवत, रेघेवरून चालवलीस की रेघेच्या बाहेरून?

दोन्ही बाजूंनी बोटभर. अगं, तू कापडाला सोडतात तशी शिलाई सोडलीस! लाकडाला दुमड नसते गं, ते रेघेवरच कापायचं असतं. जन्मभर विजारी बेतल्या, हाताला वळणच तसं पडलंय. तुझी होडी चांगली दोन बोटं जाड झाली आहे.

आता तोडू नकोस, रडू नकोस. मी त्या गिऱ्हाइकाला विचारलं. तो आधी पोट धरून हसला, मग म्हणाला की मंद वाऱ्यात ही बाई सगळ्यांच्या मागे राहणार. पण वारा सुटला, बारीक होड्या कुशीवर पडायला लागल्या, की जाडी होडी ठाण मांडून चालेल. रुंदीबद्दल तुमच्या नियमात काही नाही. ठेवणार असलीस तर तिच्या मापाची रुंद फळी पाठवतो. तुझं तू ठरव.

हसलो म्हणून लोभ कमी करू नकोस.

खटपट्या

---

ता. २ मे

चि. खटपट्यास आशीर्वाद.

तुझं पत्र मी ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. शिलाई सोडली इथवर आले आणि कसलासा आवाज झाला. मला वाटलं पुन्हा झटका आला. वर बघते तर हे हसत होते. झटक्यानंतर पहिल्यांदा, खांदे हलवून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ह्यांना माहीत होतं रे! मी रेघेबाहेरून कापत होते तेव्हा समोरच बसले होते, आणि एकदाही दोन ठोके दिले नाहीत. मी हातोडी घेऊन उठले तर डावा हात पसरून होडीवर आडवे झाले. तेव्हा होडी, म्हणजे म्हैस, आहे तशी राहिली. हे नाव भावजींनी ठेवलं. तळ्यावर पाणी पाजायला नेली तेव्हा बघून म्हणाले, वहिनी, ही म्हैस पोहणार की डुंबणार? आजूबाजूचे हसले. मी तिला उचलून पुसायला घेतलं. हसा म्हटलं.

दुकानातली बाद झालेली शिशाची वजनं पलंगाखालच्या खोक्यात होती, ती भावजींच्या नजरेतून सुटली होती. ह्यांनी तराजू मागवला. आयुष्यभर लोकांचे काटे दुरुस्त केले तो हात. डावा झाला म्हणून काय झालं, एकेक वजन टाकून बरोबर हवं तेवढं शिसं निवडून दिलं. शिडं मी शिवली. त्यात मला कुणी शिकवायला नको, निळ्या होडीचीही मीच शिवली होती. रंग निळा दिला आहे.

आता खरी गोष्ट ऐक. होडी पुरी झाली तरी हे मांडीवरून सोडेनात. वरच्या फळीतल्या झाकणाच्या कडेवरून अंगठा फिरवायचे, मग माझ्या शिवणाच्या खणाकडे बोट. कात्री दिली, दोन ठोके. खडू, दोन ठोके. शेवटी दोऱ्याला लावायचा मेणाचा गोळा दिला, तेव्हा एक. तो बोटांत मऊ करून झाकणाच्या फटीत भरत बसले. तेव्हा कळलं माझं मेण वर्षानुवर्षं कुठे जायचं! शर्यतीला निघताना दर वेळी हे गुपचूप मेण भरत असणार आणि मग होडी भावजींच्या हातात देत असणार, कारण रिमोट चालवायची हौस त्यांना. भावजींना यातलं काहीही ठाऊक नाही. लाल होडीचं झाकण मी तळ्यावर मुद्दाम जवळून पाहिलं. कोरडं ठणठणीत. आतापर्यंत वारा मंद होता म्हणून निभावलं. जोराचा वारा सुटला, होडी कलली, की पाणी वरून वाहणार आणि आत शिरणार.

मी सांगणार नाही. होडी त्यांनी घडवली आहे ना? मग त्यांना माहीत असणारच.

लोभ आहेच तुझा. आता वाऱ्याचाही असू दे.

तुझी ताई

---

ता. ८ मे

ती. ताईस सा. न.

तू लिहिलंस ते मी दोनदा वाचलं. ती होडी तुझ्या दिराची नाही, भाओजींची आहे. रंग काहीही असो, आतलं लाकूड त्यांच्या हातचं आहे. ती त्यांच्याच डोळ्यांसमोर बुडताना त्यांना काय वाटेल याचा विचार केलास का? तुझ्या रागापायी त्यांच्या जिवाला घोर लावू नकोस. दिराला एका शब्दाने सांगून टाक. जिंकायचं तर तशीही जिंकशील.

हे मी घाबरत घाबरत लिहितोय, तेव्हा लोभ शाबूत ठेव.

खटपट्या

---

ता. २१ मे

चि. खटपट्यास आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ह्यांच्यासमोर बसले आणि विचारलं, भावजींना मेणाचं सांगू का? ह्यांनी मेणाचा गोळा मुठीत घेतला. मग दोन ठोके दिले. मी पुन्हा विचारलं, तुमची होडी बुडेल, चालेल? एक ठोका. त्यानंतर मी कानाला खडा लावला, तूही लाव.

काल शर्यत झाली. सकाळपासून वारा असा की काठावरच्या खुर्च्या उलटत होत्या. मंडळाचे सेक्रेटरी म्हणत होते पुढे ढकलू; भावजी म्हणाले घाबरायचं असेल त्यांनी घरी बसावं, आणि माझ्याकडे पाहिलं. हे खुर्चीत, मांडीवर शाल, शालीखाली मूठ. मी रिमोट पदराने पुसून हातात धरला.

पहिल्या खुणेपर्यंत लाल होडी सगळ्यांच्या पुढे. काय देखणी पळत होती रे! ह्यांच्या हातचं काम ते. माझी म्हैस शेवटून दुसरी. मग तळ्याच्या मध्यावर वाऱ्याचा लोट आला. सगळ्या होड्या कुशीवर झाल्या, शिडं पाण्याला टेकली, दोन तर गरगर फिरून काठाला लागल्या. म्हैस जराशी कलली आणि चालत राहिली. तुझ्या गिऱ्हाइकाला सांग, ठाण मांडून चालली. लाल होडी उठली खरी, पण जड उठली. पुढच्या झोताला आणखी जड. भावजी रिमोट दाबतायत, हलवतायत, त्यावर थापा मारतायत. होडी नाकाने खाली जायला लागली. मी तिच्या शेजारून पुढे गेले तेव्हा फळीवर पाणी होतं. मागे वळून पाहिलं तर डोलकाठीचं नुसतं टोक, आणि मग तेही नाही.

मी तिसरी आले. पहिली नाही. पण तिसरी कोण आली ते कुणी विचारतच नव्हतं, सगळे काठावर जमून गळ टाकत होते. वर काढली, झाकण उघडलं, बादलीभर पाणी. सेक्रेटरींनी विचारलं, पाणी शिरलं कुठून? भावजी म्हणाले लाकूडच भिकार. ह्यांनी शालीखालून मूठ काढली आणि मेणाचा गोळा पुढे केला. भावजींनी तो हातात घेतला, वास घेतला आणि सगळ्यांसमोर विचारलं, हे कशाला?

बस. एवढंच.  सेक्रेटरींनी एकदा मेणाकडे पाहिलं, एकदा ह्यांच्याकडे, मग म्हशीच्या झाकणाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि ते बोट बघत राहिले. भावजींना अजून कळलं नव्हतं आपण काय विचारून बसलो. घरी जाईपर्यंत कळलं असेल.

तू म्हणालास तेही खोटं नव्हतं. घरी आल्यावर हे भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी पाय चेपत बसले. सकाळी मात्र चहा दोनदा मागितला.

लोभ ठेव. म्हशीला निदान शाबासकी तरी पाठव.

तुझी ताई

---

ता. २ जून

ती. वहिनीस सा. न. वि. वि.

आपण सर्व मजेत असाल. होडी उन्हात वाळवली, सगळे सांधे तपासले, भेग कुठेच नाही. बादलीत घातली की मात्र पुन्हा पाणी येतं. मेण म्हणजे नेमकं काय, किती आणि कुठे, हे दादाला विचारून कळवावं. पुढल्या महिन्यात मोठी शर्यत आहे, आणि मंडळातले लोक हल्ली मला भलतेसलते प्रश्न विचारतात. बांधणीतलं काहीही विचारतात आणि उत्तराची वाट बघत उभे राहतात.

त्या दिवशी माइकवर मी बोललो ते उत्साहाच्या भरात. आपण मनाला लावून घेतलं असेल तर विसरून जावं. मी एखाद्या संध्याकाळी मागच्या दाराने येऊन जाईन, म्हणजे उगाच बोभाटा नको. दादाने हाताने दाखवलं तरी मला समजेल.

आपला लोभ पूर्वीसारखाच आहे असं धरून चालतो.

आपला धाकटा दीर

---

ता. ५ जून

भावजींना वहिनीचा आशीर्वाद.

पत्र मिळालं. मागचं दार बंद असतं. पुढच्या दारानेही येऊ नका. रविवारी तळ्यावर या, मंडळातले सगळे जमलेले असताना. येताना ह्यांची हत्यारं आणि कागद आणा, सांभाळून झालं असेल.

खुर्चीपाशी खाली बसा, कारण ह्यांची मान वर होत नाही. आणि विचारा, की दादा, तू ही होडी कशी बांधलीस ते मला शिकव. माइक मी सेक्रेटरींकडून मागून ठेवला आहे. ह्यांना हळू बोललेलं ऐकू येतं. बाकीच्यांना येत नाही. हे डाव्या हाताने दाखवतील, वेळ लागेल. तुम्ही थांबायचं. लोकही थांबतील. मेण मी घेऊन येईन.

पण त्याच्या आधी एक काम. लाल रंगावर मेण धरायचं नाही. तो सगळा काढावा लागेल, खालचा निळा लागेपर्यंत, मशीन न लावता, हाताने. पॉलिशपेपर तुमच्याच दुकानात मिळतो. तिथेच काठावर, ह्यांच्यासमोर बसून घासा. घासकाम कोणी केलं म्हणून पुढे कुणाला शंका नको.

किती घासायचं ते हे अंगठा फिरवून सांगतील. एक ठोका म्हणजे पुरे. दोन म्हणजे अजून. तुमचं पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं आणि विचारलं, एवढी माफी पुरे झाली का? ह्यांनी हात उचलला आणि एक ठोका दिला. मला वाटलं, झालं, विरघळले, भाऊच शेवटी. मी कागद घडी करायला घेतला.

मग दुसरा दिला.

लोभाचं रविवारी बघू.

तुमची वहिनी